पार्मिजानासाठी वांगी तळावीत की भाजावीत?
धाकट्या जावेला हाच प्रश्न पडलाय. पार्मिजाना म्हणजे वांग्याच्या चकत्या, टोमॅटोचा सॉस आणि चीज यांचे थर लावून ओव्हनमध्ये भाजलेला इटालियन पदार्थ.

चवीत तळलेली वांगी सरस. नेपल्स आणि सिसिली, दोघेही या पदार्थावर हक्क सांगतात, आणि जुनी रीत दोन्हीकडे तळण्याचीच. चकती कडेला तांबूस, आत लोण्यासारखी होते. टोमॅटोचा सॉस तिच्यात छान मुरतो. भाजलेली जरा कोरडी राहते.

तेल मात्र वांगं भरपूर पितं. मीठ लावून अर्धा तास ठेवा, पुसून घ्या, मग कमी पितं. भाजायला दोन-तीन चमचे पुरतात.

कष्ट? तळताना गॅससमोरून हलता येत नाही. ओव्हनमध्ये 200 अंशांवर अर्धा तास, मध्ये एकदा उलटायचं.

मोझरेला चीज दोन्हीत निथळूनच घाला, नाहीतर तळाशी पाणी साचतं.

पाहुणे येणार असतील तर तळाच, तेही आदल्या दिवशी. घरच्या साध्या जेवणाला भाजलेली.