सेकंडहँड गोदरेज प्रायमा (मराठी): आधी 'मममम' टाइप करून बघा

गोदरेजने भारतीय बनावटीचा पहिला टाइपरायटर 1955 साली बाजारात आणला आणि 2009 मध्ये उत्पादन थांबवलं. शेवटची यंत्रं शिरवळच्या कारखान्यातली. म्हणजे आज मिळेल तो प्रायमा, म्हणजे गोदरेजचं हे टाइपरायटरचं मॉडेल, वापरलेलाच, आणि सुटे भाग दुसरं यंत्र मोडूनच मिळणार. तरीही मराठीत घ्यायचा तर हाच घ्या. सांगाडा दणकट आहे आणि आत हात घालून दुरुस्त करता येतो. फक्त रंग आणि चकाकी बघून भुलू नका.

कागद घाला आणि एक ओळभर 'म' टाइप करा. शिरोरेघ सलग आली पाहिजे. इंग्रजी यंत्रात अक्षर केसभर वरखाली झालं तरी खपून जातं. देवनागरीत प्रत्येक अक्षराची रेघ शेजारच्याला टेकते, त्यामुळे तेवढंही लगेच दिसतं. मग 'मकमपमन' करा. एकच अक्षर खाली बसत असेल तर ते कागदावर ठोकणारी दांडी वाकलेली आहे, मेकॅनिक ती सरळ करतो. सगळीच ओळ नागमोडी येत असेल तर कॅरेज, म्हणजे कागद धरून सरकणारा वरचा भाग, ढिली आहे. ते यंत्र सोडून द्या.

त्यानंतर काना तपासा. ख, घ, थ, भ अशी अक्षरं अर्धं अक्षर अधिक काना अशी दोन ठोक्यांत होतात, आकारालाही तीच कळ. एवढा मार खाऊन सर्वांत आधी तीच झिजते आणि उभी रेघ फिकट उमटते. उकाराची कळ दाबल्यावर कॅरेज जागची हलता कामा नये. हलली तर आतल्या जोडणीत कुणीतरी हात घातलाय. आणि हो, 'ळ' आहे ना बघा. हिंदीचं यंत्र मराठी म्हणून गळ्यात मारणारे आहेत.

अनुस्वार कागदाला भोक पाडतो का? मग कागद ज्यावर गुंडाळतो त्या रोलरचं रबर दगड झालंय. ठिपका इवलासा, सगळा जोर त्याच बिंदूवर येतो, म्हणून रोलरचा आजार आधी तिथे कळतो. तात्पुरता उपाय म्हणजे मागे आणखी एक कोरा कागद. कायमचा उपाय रोलरला नवं रबर चढवून घेणं, तो खर्च किमतीतून वजा करून मागा.

रिबन 13 मिमी रुंदीची लागते. रिबन गुंडाळलेल्या जुन्या चकत्या फेकू नका, नवी रिबन त्यांच्यावरच गुंडाळा. रिबनच्या टोकाजवळची धातूची कडी मात्र कापू नका. चकती संपत आली की तीच रिबनची दिशा उलटवते. कडी गेली तर रिबन जागीच थांबते, एकाच ठिकाणी ठोके बसून फाटते. मात्रांचा वरचा भाग पुसट येत असेल तर शाईला दोष देण्याआधी रिबन पुरेशी वर उचलली जाते का ते बघा.

दांड्या अडकत असतील तर तेल अजिबात घालू नका. तेलाला धूळ चिकटते आणि महिन्याभरात त्याचा चिकटा होतो. दांड्या जिथे फिरतात त्या अर्धगोल खाचा टूथब्रश आणि थोड्या पेट्रोलने, खिडकी उघडी ठेवून, धुवा. आसपास विस्तव नको. शिवणयंत्राचं तेल फक्त कॅरेजच्या रुळाला, तेही एक थेंब.

कॅरेज पुढे सरकतच नसेल आणि विकणारा 'फार मोठा बिघाड' म्हणत असेल तर खूश व्हा. बहुतेक वेळा कॅरेज ओढणारा पट्टा तुटलेला असतो. भक्कम दोरीने काम भागतं. मात्र हा पट्टा ओढणाऱ्या स्प्रिंगच्या डबीला आधी काही वेढे ताण द्यायचा आणि दोरी अडकवेपर्यंत डबी हातातून सोडायची नाही. सुटली तर बोट सोलवटतं.

कळा जड आहेत, करंगळी दुखेल. घरी नेताना कॅरेज दोरीने बांधा आणि यंत्र खालून धरून उचला. कॅरेजला धरून उचललेली यंत्रंच पुढे 'मममम'मध्ये नापास होतात.