डेबियन १२: इन्स्टॉलर चोख, पण नेटचं कार्ड नक्की कुणाच्या ताब्यात?

जुने कॉम्प्युटर पुसून त्यांवर लिनक्स चढवून द्यायचं काम मी करते. गिऱ्हाईक बहुतेक क्लासवाले आणि झेरॉक्सवाले. इन्स्टॉलर दिसतो कसा, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. मशीन टेबलावर गेल्यावर कोपऱ्यातल्या नेटच्या आयकॉनवरून त्यांचं त्यांना काही बदलता येतं का, एवढंच मी बघते.

त्या हिशेबाने डेबियन १२ (लिनक्सचाच एक प्रकार) निम्मा पास. २०२३च्या या आवृत्तीपासून वाय-फायचं फर्मवेअर (कार्ड चालायला लागणारं सॉफ्टवेअर) इन्स्टॉलच्या अधिकृत इमेजमध्येच येतं, ही मोठी सोय झाली. ग्राफिकल इन्स्टॉलर मराठीतूनही चालतो, हौस असेल तर. डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या-आयकॉनवाला पडदा, त्याच बैठकीत निवडला की पुढचं सगळं सुरळीत. इन्स्टॉल करताना दिलेला वाय-फायचा पासवर्ड थेट नेटवर्कमॅनेजरकडे, म्हणजे आयकॉनमागे नेट सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमकडे जातो, आणि तो ज्या फाइलीत राहतो ती रूटशिवाय (सगळे अधिकार असलेल्या खात्याशिवाय) कुणाला वाचता येत नाही.

गोम आहे ती आधी नुसती बेस सिस्टिम (डेस्कटॉपशिवायचं मूळ लिनक्स) टाकून डेस्कटॉप मागाहून चढवण्यात. मशीन हलकं राहावं म्हणून पुष्कळ जण हेच करतात. अशा वेळी इन्स्टॉलर केबलचं कार्ड ‘इंटरफेसेस’ नावाच्या फाइलीत नोंदवून ठेवतो: एक ओळ ‘अलाउ-हॉटप्लग’ची, एक ‘आयफेस’ची. ही फाइल म्हणजे सात-बारा समजा. तिच्यात ज्या कार्डाचं नाव लागलं, त्याला नेटवर्कमॅनेजर हात लावत नाही. मग डेस्कटॉप ग्नोम असो की एक्सएफसीई, आयकॉनवर क्लिक केलं की ‘अनमॅनेज्ड’, म्हणजे ‘हे माझ्या ताब्यात नाही’. गंमत अशी की नेट चालू असतं, ब्राउझर धावत असतो, फक्त सेटिंग्जमध्ये काहीच बदलता येत नाही.

हा बग नव्हे, ठरवून केलेलं वागणं आहे. नेटवर्कमॅनेजरच्या पॅकेजसोबत येणाऱ्या रीडमीत (माहितीच्या फाइलीत) ते लिहिलेलंही आहे. पण झेरॉक्सवाला ती रीडमी कशाला उघडेल? डेस्कटॉप चढवताना एक साधा प्रश्न विचारला असता, ‘हे कार्ड आता नेटवर्कमॅनेजरकडे देऊ का?’, तर काम भागलं असतं.

उपाय मिनिटभराचा. ‘इंटरफेसेस’मधल्या त्या कार्डाच्या ओळींच्या सुरुवातीला हॅश (#) लावा म्हणजे त्या बाद होतात, लूपबॅकच्या (मशीनच्या स्वतःशीच जोडणीच्या) ओळी तशाच ठेवा, रीबूट करा. स्टॅटिक आयपी (हाताने ठरवून दिलेला नेटवर्कचा पत्ता) दिला असेल तर पत्ता, गेटवे, डीएनएस आधी कागदावर उतरवून घ्या. नेटवर्कमॅनेजरमध्ये तो पुन्हा हाताने भरावा लागतो. आणि बेस सिस्टिम वाय-फायवरून टाकूच नका. जोडणी नव्या सिस्टिममध्ये उतरत नाही, पहिल्याच बूटला नेट गायब. केबल लावा.

फेडोरा या दुसऱ्या लिनक्सचा इन्स्टॉलर मुळात नेटवर्कमॅनेजरच वापरतो, त्यामुळे तिथे ही भानगडच नाही. तरी गिऱ्हाइकांना मी डेबियनच देते. फेडोराची साधारण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती, आणि क्लासवाल्यांना वर्षाच्या मध्येच कुणी मशीनला हात लावलेला चालत नाही.