शॉर्टहँड शिकायचं असेल तर इथे एक शनिवार जाऊन बसा

साताऱ्यात राजवाड्याजवळ एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर हा क्लास आहे. चौदा महिने झाले, मी इथे इंग्रजी शॉर्टहँड, म्हणजे बोललेलं खुणांनी भरभर टिपून घ्यायची लिपी, शिकतेय. त्याआधी दुसरीकडे पैसे घालवून बसले होते. तिथे ‘तीन महिन्यांत ८०चा स्पीड’ (मिनिटाला ८० शब्द) म्हणून नुसती पानं गिरवून घेतली. कुठल्या पदाला किती स्पीड लागतो, हे कुणी सांगितलंच नाही.

इथे शनिवारी संध्याकाळी क्लासचेच जुने विद्यार्थी डिक्टेशन द्यायला येतात, आता सरकारी नोकरीत असलेले. त्यातल्या एका ताईंना मी विचारलं, “मला लघुलेखक (स्टेनो) व्हायचंय, कुठून सुरुवात करू?” त्यांनी माझ्या वहीच्या मागच्या पानावर खालून वर लिहीत नेलं: टायपिंग मराठी ३०, इंग्रजी ४०. त्यावर शॉर्टहँड ८०, लघुटंकलेखक. १००, निम्नश्रेणी लघुलेखक. १२०, उच्चश्रेणी. मग म्हणाल्या, “८० निघाले की अर्ज भरायला लाग. मी १२०ची वाट बघत बसले आणि दोन जाहिराती गेल्या.” ते पान मी अजून जपून ठेवलंय.

आम्ही शिकतो त्या पिटमन पद्धतीच्या शॉर्टहँडमध्ये ‘प’ची रेघ पातळ, ‘ब’ची तीच पण जाड. माझा हात जड, त्यामुळे खुणांवरून परत शब्दांत लिहून काढताना ‘पे’चं ‘बे’ व्हायचं. ताईंनी पेन्सिल जरा मागून धरायला लावली, आठवडाभरात फरक पडला. शब्द सुटला तर जागा सोडून पुढे जायचं, एकामागे धावलं की सहा जातात, हेही त्यांचंच. कोर्टात काम करणारे एक सर मुद्दाम मध्येच थांबतात आणि मग भरभर बोलतात. साहेब काही घड्याळ लावून सांगत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. पहिल्यांदा मला रडू आलं होतं, पण परीक्षेत त्याचाच उपयोग झाला.

उणीव म्हणजे कॉम्प्युटर चारच, टायपिंगला ताटकळावं लागतं. मराठी शॉर्टहँडची बॅचही नाही.

मी ८०ची परीक्षा पास झाले, पहिला अर्ज भरलाय, सध्या नव्वदच्या आसपास अडकलेय. चौकशीला जायचं तर शनिवारी साडेपाचला जा. फी न भरताही मागच्या बाकावर बसू देतात. वही आणि मऊ शिशाच्या दोन पेन्सिली टोक काढून न्या.