निकॉन झेड एफ : रोजच्या छायाचित्रणासाठी कितपत योग्य?

फुल फ्रेम मिररलेस कॅमेरा, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेला आणि आत आरसा नसलेला कॅमेरा, निवडताना केवळ चित्राच्या दर्जाचा विचार करण्यात आता फारसा अर्थ उरलेला नाही. दीड-दोन लाख रुपयांच्या टप्प्यातला अलीकडचा कोणताही कॅमेरा घेतला, तरी घरगुती आणि हौशी छायाचित्रणाला लागतो त्याहून अधिक तपशील, अधिक जलद फोकस आणि कमी उजेडात अधिक स्वच्छ चित्र तो देतोच. खरा प्रश्न असतो तो हा, की हा कॅमेरा रोज घराबाहेर पडणार की नव्याची नवलाई संपल्यावर कपाटात जाऊन बसणार. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेला निकॉन झेड एफ मी याच कसोटीवर पाहिला आणि माझे मत असे झाले, की हा कॅमेरा छोट्या लेन्ससह रोजच्या वापराचा आहे, मोठ्या लेन्ससह मुळीच नाही.

त्याचे रूप १९८२ साली आलेल्या निकॉनच्याच एफएम२ या फिल्म कॅमेऱ्यावरून बेतलेले आहे. वरच्या पाटीवर डावीकडे आयएसओची (उजेडाला सेन्सर किती संवेदनशील असावा ते ठरवणारी) चकती, उजवीकडे शटरच्या वेगाची, तिच्या शेजारी एक्सपोजर भरपाईची (चित्र हवे तसे उजळ किंवा गडद करणारी), आणि या तिन्ही चकत्या पितळेच्या. जुन्या वळणाचे हे सगळे केवळ मिरवण्यासाठी असावे, अशी शंका कोणालाही येईल आणि ती अगदीच निराधार नाही. परंतु वापरात या चकत्यांचा एक ठोस फायदा आहे. कॅमेरा बंद असतानाही त्याची मांडणी काय आहे, हे वरून एका नजरेत कळते आणि तो डोळ्याला लावण्याआधीच बदलता येते. भर दुपारी मंडईबाहेर पांढरी टोपी घातलेल्या माणसाचे छायाचित्र घ्यायचे असेल, तर चेहरा सावळा आणि टोपी उन्हात तळपणारी अशा प्रसंगी कॅमेऱ्याचा स्वयंचलित हिशेब हमखास चुकतो, टोपीचा कापडी पोत जातो आणि तिथे नुसता पांढरा ठिपका उरतो. भरपाईची चकती अंगठ्याने उणे दोन तृतीयांशावर आणली की पोत परत मिळतो. हे काम चालता चालता होते, मेनूत शिरावे लागत नाही, आणि समोरच्या माणसाला आपल्या खटपटीचा पत्ताही लागत नाही. या चकतीला कुलूप मात्र नाही, त्यामुळे कॅमेरा पिशवीतून काढताना तिच्यावर एकदा नजर टाकण्याची सवय ठेवावी.

तथापि, चकत्यांचा हा कारभार अर्धवट आहे. निकॉनच्या झेड लेन्सवर आकडे कोरलेले ॲपर्चरचे (उजेड आत सोडणाऱ्या छिद्राच्या मापाचे) कडे नसते. ॲपर्चर पुढच्या चाकाने बदलावे लागते आणि त्याचा आकडा शटरच्या बटणाशेजारच्या इवल्याशा खिडकीत दिसतो. शिवाय ॲपर्चरला अग्रक्रम देणाऱ्या ए पद्धतीत, जी रोजच्या कामात बहुतेक जण वापरतात आणि जिच्यात शटरचा वेग कॅमेराच ठरवतो, शटरची भली मोठी चकती निव्वळ शोभेची ठरते. चकती एक सांगते आणि कॅमेरा दुसरेच करतो, ही स्थिती नवख्या माणसाला गोंधळात टाकणारी आहे. आणखी एक बाब खास आपल्याकडची. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ट्यूबलाइटच्या आणि स्वस्त एलईडीच्या उजेडात चित्रावर पट्टे येऊ नयेत म्हणून शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवणे सोयीचे असते, पण चकतीवर कोरलेले आकडे आहेत १/६० आणि १/१२५. मग चकती ‘१/३ स्टेप’ या खुणेवर नेऊन वेग मागच्या चाकाने ठरवावा लागतो, म्हणजे जिच्यासाठी कॅमेरा घेतला तीच चकती बाजूला पडते. अशा उजेडात आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर वापरण्याच्या फंदात तर पडूच नये, कारण या सेन्सरवरून चित्र वाचले जाण्यास लागणारा वेळ पुरेसा लहान नाही आणि पट्टे अधिकच ठळक होतात.

वजन हा या कॅमेऱ्याचा कमकुवत दुवा आहे. बॅटरी आणि कार्डासह तो सुमारे ७१० ग्रॅम भरतो. ज्याची ही प्रतिमा, त्या एफएम२चे वजन ५४० ग्रॅमच्या आसपास होते. सोनीचा ए७सी २ हा ५१४ ग्रॅमचा आणि कॅननचा आर८ तर ४६१ ग्रॅमचा आहे, अर्थात आर८च्या बॉडीत चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. नुसते वजन एक वेळ सोसवते. अडचण पकडीची आहे. झेड एफच्या पुढच्या बाजूला बोटे अडकावीत असा भाग नावापुरताच असल्यामुळे सगळा भार अंगठा आणि करंगळी यांच्यावर येतो, आणि घामट हवेत कॅमेरा एका हातात धरून फिरताना हात लवकर अवघडतो. इतर कंपन्यांच्या खालून स्क्रूने बसणाऱ्या ग्रिप मिळतात आणि त्या उपयोगी आहेत. परंतु ग्रिप लावली की वजन आणखी वाढते आणि ज्या रूपावर भाळून कॅमेरा घेतला ते रूपही झाकले जाते. मला विचाराल तर रुंद पट्टा घेऊन कॅमेरा खांद्यावरून तिरपा टाकावा.

चित्राबद्दल तक्रारीला जागा नाही. २४.५ मेगापिक्सेलचा सेन्सर हा रोजच्या वापरासाठी अगदी नेमका आहे. फाइली अवाच्या सवा मोठ्या होत नाहीत आणि भिंतीवर लावण्याइतका मोठा प्रिंट सहज निघतो. दिवेलागणीनंतर, जिथे मोबाइल अनेक चित्रे एकत्र करून चेहऱ्यांना मेणासारखी तुकतुकी आणतो, तिथे हा कॅमेरा आयएसओ ६४००ला त्वचेचा पोत आणि साडीच्या काठाची वीण जशीच्या तशी ठेवतो. बॉडीतली स्थिरीकरणाची यंत्रणा आठ स्टॉपपर्यंत (एक स्टॉप म्हणजे उजेडाची दुप्पट किंवा निम्मी पायरी) मदत करते, असा निकॉनचा दावा आहे. स्थिर वस्तूंसाठी, देवळाच्या गाभाऱ्यासाठी किंवा रात्रीच्या रिकाम्या रस्त्यासाठी ती फार मोलाची आहे. मात्र ती आपल्या हाताचे कंपन थांबवते, समोरच्या माणसाचे हलणे नव्हे. भाजी तोलणाऱ्या बाईचा हात गोठवायचा तर शटर १/२०० सेकंदाच्या पुढे न्यावेच लागते आणि मग आयएसओ वाढवण्यावाचून गत्यंतर नसते. स्टॉपचे मोठे आकडे वाचून कॅमेरा निवडणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

शटरच्या चकतीखालचा कृष्णधवल खटका ही मला या कॅमेऱ्यातली सर्वांत आवडलेली गोष्ट. फोटो आणि व्हिडिओ यांच्या जोडीला ‘बी अँड डब्ल्यू’ ही खूण आहे. खटका तिथे सरकवला की व्ह्यूफाइंडरमधले सगळे जग कृष्णधवल होते आणि डोळा आपोआप रंग सोडून उजेडाकडे, सावल्यांकडे वळतो. पावसाळ्यातले करडे दिवस, ज्यात रंगीत चित्र मरगळलेले दिसते, या खटक्यामुळे वाया जात नाहीत. तीन प्रकारच्या कृष्णधवल छटा मिळतात. त्यातली ‘डीप टोन’ गडद चित्रे आवडणाऱ्यांना भावेल. जोडीला रॉ फाइल, म्हणजे सेन्सरवरची मूळ नोंद, ठेवली तर रंग शाबूत राहतात, केवळ जेपेग ठेवल्यास ते कायमचे गेले असे समजावे.

फोकसबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. माणसे, कुत्री, मांजरी, पक्षी आणि वाहने तो ओळखतो आणि घरातल्या धावत्या मुलाच्या डोळ्यावर चिकटून राहतो. फोकसबिंदू हलवण्यासाठी जॉयस्टिक दिलेली नाही, चौबाजूंचे बटण दाबत बसावे लागते. एवढ्या किमतीत ही काटकसर खटकते. पडदा बाजूला उघडून फिरणारा आहे, तो उलटा मिटवून ठेवला तर फिल्म कॅमेऱ्यासारखा केवळ व्ह्यूफाइंडरवर काम करता येते. व्हिडिओ हा माझा प्रांत नव्हे. सेन्सरच्या पूर्ण रुंदीचा फोरके व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमपर्यंत मिळतो आणि ६० फ्रेमला चित्र कापले जाते, इतके सांगून पुढे जातो.

दोन कार्डांची सोय आहे, पण दुसरी खाच मायक्रोएसडीची, तीही धिम्या वर्गाची, आणि दोन्ही खाचा तळाशी बॅटरीच्या कप्प्यात. नखाएवढे कार्ड बॅटरीशेजारच्या अरुंद खाचेतून काढताना बोटांची परीक्षाच होते. ते एकदा आत घालून राखीव प्रत म्हणून तिथेच राहू द्यावे आणि रोजचे काम मोठ्या कार्डावर करावे, हे उत्तम. बॅटरीवर प्रमाणित चाचणीनुसार ३६० ते ३८० चित्रे निघतात. प्रत्यक्षात अधिक निघतात, शिवाय यूएसबी-सीने चार्जिंग होत असल्यामुळे मोबाइलची पॉवर बँक प्रवासात कामी येते.

बाजारात आला तेव्हा नुसत्या बॉडीची भारतातली किंमत पावणेदोन लाखांच्या थोडी पुढे होती. आता खरेदी करताना भावाची चौकशी करावीच, पण त्याहून अधिक विचार लेन्सचा करावा. ४० मिमी एफ/२ एसई ही लेन्स १७० ग्रॅमची आहे. तिच्यासह सगळा संच ९०० ग्रॅमच्या आत राहतो, २९ सेंटिमीटरवरून फोकस होत असल्यामुळे ताटातल्या पदार्थापासून दारातल्या माणसापर्यंत सर्व काही टिपता येते, आणि समोरच्याला ती बिचकवत नाही. तिचा माउंट (कॅमेऱ्याला जोडला जाणारा भाग) प्लॅस्टिकचा आहे, हे मान्य करूनही मी तिचीच शिफारस करीन. याउलट २४-१२० मिमी एफ/४ ही उत्कृष्ट झूम ६३० ग्रॅमची आहे आणि बिनपकडीच्या या बॉडीवर ती लावणे म्हणजे मनगटाशी वैर घेणे होय. झूमशिवाय ज्यांचे चालणार नाही, त्यांनी झेड एफचा नाद सोडून ठसठशीत ग्रिप असलेला निकॉनचाच झेड५-२ (Z5II) पाहावा. घरात निकॉनच्या जुन्या निकॉर लेन्स पडून असतील, तर एफटीझेड २ हा अडॅप्टर घेऊन त्या वापरता येतात. मात्र आपल्याकडे अनेकांकडे असलेली ५० मिमी एफ/१.८ डी लेन्स, जिच्यात स्वतःची मोटर नाही, तिचा फोकस या अडॅप्टरवर हातानेच करावा लागतो.