१५ वर्षं जुनी हॅचबॅक, ११ महिने वापरल्यावर

ही माझी तिसरी सेकंडहँड. पहिली ५५ हजारांची, तिचा सेल्फ मूड असेल तरच लागायचा, म्हणून सोसायटीत उतार बघूनच लावायचो आणि वॉचमन काका न सांगताच धक्का मारायला यायचे. दुसरीचं विचारू नका, क्लचप्लेट, मग हाफ इंजिनचं काम (अर्धं इंजिन खोलून दुरुस्ती), शेवटी भंगारात.

आत्ताची २०१० ची पेट्रोल, ८५ हजारांत. मालक म्हणाला, "काम काहीच नाही, घ्या नि चालवा." हे वाक्य आलं की आधी बॉनेट उघडायचं असतं, दोन गाड्यांनंतर एवढं तरी कळायला हवं होतं.

घर ठाण्यात कासारवडवलीला, ऑफिस नवी मुंबईत महापेला. थंडीत मस्त चालली, फक्त ॲव्हरेज ११ च्या वर जाईना. मार्चमध्ये माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये टेंपरेचरचा काटा चढायला लागला. एसी बंद केला, तरी उतरेना, मग काचा खाली करून हीटर फुल सोडला, कारण हीटर म्हणजे पण छोटा रेडिएटरच, इंजिनची गरमी आत ओढतो. काटा उतरला, मी उकडून निघालो, बाजूचा रिक्षावाला टकामका बघतोय.

राबोडीतल्या मेकॅनिक चाचांनी उघडलं तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) जागेवर नाहीच, आधीच कोणीतरी काढून टाकलेला, म्हणून इंजिन थंडीत नीट तापत नव्हतं नि पेट्रोल खात होतं. रेडिएटरमध्ये कूलंटच्या जागी चहासारखं पाणी. आणि रेडिएटरचा फॅन? रिले (त्याला आपोआप चालू-बंद करणारा स्विच) गेली म्हणून डॅशबोर्डखालच्या एका स्विचवर डायरेक्ट केलेला. तो स्विच मी पाच महिने फॉगलॅम्पचा समजून बंद ठेवला होता! जुनी गाडी घेताना आधीच्या मालकाचे जुगाडही सोबत येतात, फक्त त्यांची यादी कोणी देत नाही. सगळं मिळून ६८०० गेले, पण आता ॲव्हरेज १४ पडतं.

पावसात डावीकडचं कार्पेट भिजलं, पुढच्या काचेखालच्या जाळीत गुलमोहोराची पानं अडकून पाणी आत येत होतं, साफ केल्यावर थांबलं. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलं की मात्र मी सरळ सुट्टी टाकतो.

ऑगस्टमध्ये आरसीची, म्हणजे रजिस्ट्रेशनची, १५ वर्षं संपली. फिटनेस पास होऊन ५ वर्षं वाढवून मिळाली, नुसती फी ५ हजार, जुन्या गाडीचा ग्रीन टॅक्स वेगळा. बायको म्हणते एवढ्यात रिक्षाने फिरलो असतो. कळवा नाक्याला तीन ओरखडे पडले तरी मला झोप लागते, हे तिला कसं सांगू.

बाकी त्या स्विचशेजारी अजून एक स्विच आहे. तो कशाचा ते चाचांनाही कळलेलं नाही. मी त्याला हात लावत नाही.