पाणथळीवर लहान मुलांसाठी दुर्बीण: ८×२१ की ६×३०?

पाणथळीवर बदकं असतात पाण्याच्या मध्यावर आणि बगळा पलीकडच्या काठाला. दुर्बीण नसेल तर मुलं लवकर कंटाळतात, चुकीची असेल तर त्याहूनही लवकर. मुलांसाठी सर्रास घेतली जाते ती खिशात मावणारी ८×२१ (पहिला आकडा वर्धन, म्हणजे चित्र किती पट मोठं दिसतं; दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये). वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास, हातात छान बसते. तरीही पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी आमची पसंती ६×३०लाच.

पुढच्या भिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागलं की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ६×३०मध्ये ती ५ मिलिमीटर, ८×२१मध्ये जेमतेम २.६. झोत बारीक असला की डोळा जरा सरकताच चित्र काळं पडतं, आणि या वयात डोळा एका जागी ठरतच नाही. शिवाय वर्धन जास्त तितकी हाताची थरथरही जास्त दिसते.

घेताना मुलाला सोबत न्याच. दोन्ही नळ्या पूर्ण जवळ आणून त्याला एकच गोल दिसतो का, ते विचारा. या वयात डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर साधारण ५० ते ५५ मिलिमीटर असतं, आणि मोठ्यांच्या बऱ्याच दुर्बिणी तितक्या मिटत नाहीत. मग मूल एक डोळा मिटून बघतं आणि दोष मात्र त्यालाच लागतो.

६×३०ची खोट वजनाची: साधारण अर्धा किलो. गळ्यातला पट्टा मानेला काचतो, म्हणून पाठीवर फुली होणारा पट्टा लावा आणि दुर्बीण छातीशी येईल इतका आखूड करा. पोटाशी लोंबली तर मूल वाकलं की कठड्यावर आपटते. बऱ्याच ६×३०मध्ये अगदी पायाशी बसलेला चतुर स्पष्ट दिसत नाही. तो नुसत्या डोळ्यांनीच बघावा.

मुलं दुर्बीण लावून पक्षी शोधतात, तिथेच गाडी अडते. आधी पक्षी डोळ्यांनी गाठायचा आणि नजर न हटवता दुर्बीण वर आणायची. पंख वाळवत बसलेला पाणकावळा सरावाला उत्तम: मोठा, काळा, बराच वेळ न हलणारा. दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवणारी उजव्या डोळ्याजवळची कडी एकदा लावली की चिकटपट्टीने पक्की करा, नाहीतर मुलं ती फिरवत बसतात. सूर्य कायम पाठीशी हवा. दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभर पाहिलं तरी डोळ्याला कायमची इजा होऊ शकते, त्यामुळे लहान मुलाच्या हाती ती एकट्याने देऊच नका.

भिंगावर चिखल उडाला तर सदऱ्याने पुसू नका, वाळूचे कण चरे पाडतात. सुकू द्या, फुंकणीने उडवा, मगच मऊ कापड.