एक फोल्डर दाखवायचाय, अख्खी मेल नाही: छोट्या ऑफिसनं काय घ्यावं?

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका सीए ऑफिसात मेलचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला होता. दोन पार्टनर, एक अकाउंटंट, पाच आर्टिकल (सीए होण्यासाठी उमेदवारी करणारी मुलं) आणि सगळ्यांना तोच पासवर्ड. नव्या मशिनवरून कुणी लॉगिन केलं की ओटीपी मोठ्या साहेबांच्या फोनवर जायचा आणि साहेब नेमके मिरजेत ऑडिटला बसलेले. मग एक आर्टिकल मुदत संपवून पुण्याला गेला. दोन महिन्यांनी कळलं की त्याच्या लॅपटॉपवर ऑफिसची मेल अजून उघडतेय. पोराचा दोष नव्हता, लॉगआउट करायचं राहून गेलं होतं. पण त्या मेलमध्ये सगळ्या पार्ट्यांच्या, म्हणजे ऑफिसच्या ग्राहकांच्या, नोटिसा होत्या.

असं झालं की मला फोन येतो आणि प्रश्न ठरलेला असतो, "गूगल घेऊ का मायक्रोसॉफ्ट?" मी उलटं विचारतो की कुणाला काय दाखवायचंय? या ऑफिसचं उत्तर चांगलं नेमकं होतं. एका पार्टीचा फोल्डर फक्त तिचं काम बघणाऱ्या आर्टिकलला दिसावा. टीडीएस भरायची ७, जीएसटीच्या विवरणपत्रांपैकी जीएसटीआर-१ ची ११ आणि ३बी ची २० तारीख सगळ्यांच्या कॅलेंडरवर असावी. साहेबांच्या खासगी भेटी मात्र कुणाला दिसू नयेत.

पहिल्याच अटीवर जीमेल अडतं. जीमेलमध्ये फोल्डर नसतात, लेबल असतात, आणि एकच लेबल दुसऱ्याला शेअर करता येत नाही. त्याऐवजी डेलिगेशन आहे: सेटिंगमध्ये जाऊन दुसऱ्या माणसाला आपल्या खात्यात प्रवेश द्यायचा. पासवर्ड सांगावा लागत नाही, त्याला तो बदलताही येत नाही. त्यानं पाठवलेल्या मेलवर आपल्या नावाशेजारी त्याचाही पत्ता दिसतो, म्हणजे "हे कुणी पाठवलं?" हा वाद मिटतो. साध्या फुकट खात्यावरही असे १० जण नेमता येतात आणि माणूस सोडून गेला की यादीतून त्याचं नाव उडवायचं, बस्स. पण डेलिगेटला सगळी मेल दिसते, तो उत्तर पाठवू शकतो आणि मेल पुसूही शकतो. "फक्त वाचायला दे" असा पर्याय तिथं नाही.

मार्केट यार्डातल्या एखाद्या हळदीच्या अडत्याला एवढं पुरतं. तिथं मालक, मुनीम आणि मालकाचा मुलगा, तिघांनाही सगळं माहीत असतंच. त्यांनी मेलवर एक पैसाही खर्च करू नये असं माझं मत आहे.

मायक्रोसॉफ्ट ३६५ ची गोष्ट वेगळी. मागं एक्सचेंज हा मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर असल्यामुळं परवानगी फोल्डरगणिक देता येते. रिव्ह्यूअर फक्त वाचतो. ऑथर नवीन टाकतो आणि स्वतःचंच बदलतो. एडिटर सगळ्यांचं बदलतो, पुसतो. ओनर म्हणजे मालकच. सीए ऑफिसला हवं होतं ते हेच. पण पहिल्या दिवशी हमखास डोकं फिरवणारी एक अडचण आहे. तुम्ही आतल्या फोल्डरवर परवानगी देता आणि समोरच्याला काहीच दिसत नाही. कारण वरच्या प्रत्येक फोल्डरला आणि अगदी मुळाशी असलेल्या मेलबॉक्सलाही "फोल्डर दिसू दे" एवढी खूण करावी लागते. वाड्याचं दार बंद ठेवून आतल्या खोलीची किल्ली दिल्यासारखं ते होतं. दुसरं असं की वरच्या फोल्डरची परवानगी आधीपासून असलेल्या आतल्या फोल्डरांना आपोआप लागत नाही. नवे केलेले घेतात, जुने एकेक करून बसवावे लागतात. साठ पार्ट्यांचे साठ फोल्डर असतील तर एक अख्खी दुपार बाजूला काढा आणि चहा सांगून ठेवा.

याच्यात शेअर्ड मेलबॉक्सही मिळतो. ऑफिसच्या सामाईक पत्त्यासाठी तो उत्तम, कारण ५० जीबीपर्यंत त्याला वेगळं लायसन लागत नाही. मात्र तो उघडणाऱ्या प्रत्येकाचं स्वतःचं लायसन हवंच. आणि घोटाळा नको म्हणून सांगतो, हे सगळं पैसे भरलेल्या ऑफिसच्या खात्यात. मायक्रोसॉफ्टच्याच आउटलूक डॉट कॉमच्या फुकट खात्यात कॅलेंडर शेअर होतं, मेलचा फोल्डर नाही.

तिसरा पर्याय झोहो मेल, चेन्नईच्या कंपनीची. मेलचा फोल्डर शेअर करता येतो, आणि आलेल्या मेलखालीच सहकाऱ्याला टॅग करून "हे तू बघ" असं लिहिता येतं. ही सोय मला फोल्डरपेक्षाही जास्त आवडते, कारण निम्म्या वेळा शेअर करायचा असतो तो एकच मेल.

स्वतःचा सर्व्हर ठेवणारेही सांगलीत अजून भेटतात. झिम्ब्रा या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये फोल्डरवर राइट क्लिक करून शेअर करायचा. व्ह्यूअर, मॅनेजर आणि ॲडमिन अशा तीनच पायऱ्या, म्हणून समजायला सगळ्यात सोपं. सोगो हे असंच दुसरं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि कॅलेंडरच्या बाबतीत सगळ्यांना मागं टाकतं: सार्वजनिक, गोपनीय आणि खासगी नोंदींसाठी तीन वेगवेगळ्या परवानग्या. राउंडक्यूब या ब्राउझरमधून मेल बघायच्या सॉफ्टवेअरचं मात्र सर्व्हरवर अवलंबून. त्याचं परवानग्या देणारं एसीएल प्लगइन चालू असेल आणि मागचा, मेल साठवणारा आयमॅप सर्व्हर साथ देत असेल तरच फोल्डर शेअर होतो, आणि मुळात कॅलेंडर त्यात नसतंच. स्वस्तातल्या होस्टिंगबरोबर आलेलं वेबमेल बहुधा हेच असतं, तेव्हा आधी विचारून घ्या.

पण सर्व्हर आपला म्हणजे त्याची काळजीही आपलीच. २०२२ मध्ये झिम्ब्रातल्या त्रुटी वापरून जगभरात हजाराहून जास्त सर्व्हर फोडले गेले. अपडेट वेळेवर टाकणारा माणूस तुमच्याकडं आहे का? आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तेव्हा तळमजल्यावर सर्व्हर ठेवायचा विचार नदीकाठच्या गावभागात तरी कुणी करू नये.

आता कॅलेंडर. इथं गूगल सगळ्यात सरळ. चार पायऱ्या आहेत: फक्त मोकळा की व्यस्त एवढंच दिसणं, सगळा तपशील दिसणं, बदल करता येणं, आणि बदलांबरोबर आणखी कुणाला शेअर करायचं तेही ठरवता येणं. शेवटची पायरी पार्टनर सोडून कुणालाही देऊ नका, नाहीतर यादी वाढत जाते आणि कुणी कुणाला घेतलं ते कळत नाही.

साहेबांच्या खासगी भेटींचं काय? गूगलमध्ये नोंद खासगी केली तरी बदल करायचा हक्क असलेल्याला ती दिसतेच. साहेबांचं कॅलेंडर सांभाळणाऱ्या आर्टिकलला दवाखान्याची वेळही वाचता येते. आउटलूकमध्ये खासगी नोंदी एडिटरपासून झाकल्या जातात आणि डेलिगेटला त्या दाखवायच्या का ते वेगळं ठरवता येतं. पण त्या झाकण्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका असं मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं. म्हणून साधा उपाय: दोन कॅलेंडर करा. एक ऑफिसच्या तारखांचं, सगळ्यांना दिसणारं. दुसरं स्वतःचं, ज्यावर बाकीच्यांना फक्त व्यस्त एवढंच कळेल.

सीए ऑफिसनं शेवटी मायक्रोसॉफ्ट घेतलं, ते फोल्डरसाठी. मी असतो तर आधी महिनाभर झोहो वापरून बघितलं असतं, पण साहेबांना एक्सेल सोडायचं नव्हतं आणि त्यापुढं माझं काही चाललं नाही. आर्टिकलांना रिव्ह्यूअर, अकाउंटंटला एडिटर, ओनर दोघे पार्टनर. आर्टिकलशिप दोन वर्षांची, म्हणजे माणसं बदलतच राहणार. म्हणून कोण रुजू झालं, कोण गेलं आणि कुठल्या फोल्डरवरून कुणाचं नाव काढलं याची एक वही अकाउंटंटच्या ड्रॉवरमध्ये ठेवलीय. परवा गेलो तेव्हा तिची दोन पानं भरली होती. मॉनिटरवरची चिठ्ठीही गेली होती, नुसता सेलोटेपचा डाग उरला होता.